उन्हाळी युवा शिबिरात पाऊस, वीज आणि पूर: जागा पाहण्यापासून रात्रीच्या पहाऱ्यापर्यंत

चर्चच्या तरुण संघाच्या बैठकीत शिबिराचा विषय निघाला की कामांचा क्रम ठरलेला असतो: तारीख, वक्ते, बसचे भाडे, आचारी, टी-शर्टचा रंग. हवामान सगळ्यात शेवटी येते आणि ‘मे महिन्यात कसला पाऊस’ एवढ्यावर निकालात निघते. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबई-पुण्यात येऊन पोचला होता, आणि त्याआधीही वळवाने राज्यात ठिकठिकाणी झोडपून काढले होते. त्यात आपल्याला शिबिराला जागा हवी असते ती ओढ्याकाठची, धरणाच्या काठावरची, घाटातली. म्हणजे पाणी जिथे सगळ्यात आधी येणार तिथलीच.

पुढची सगळी तयारी एकाच गोष्टीसाठी आहे. रात्री दोन वाजता, मुसळधार पावसात, कोणावरही विचार करून निर्णय घेण्याची वेळ येऊ नये. कधी उठायचे, कोणी उठवायचे, कुठे जायचे हे दिवसाउजेडी आणि कोरड्यात ठरलेले असावे.

१. तारीख ठरवताना

दहावी-बारावीच्या परीक्षा आणि कॉलेजचे पेपर सांभाळता सांभाळता शिबिर मेच्या शेवटच्या आठवड्यात किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात ढकलले जाते. घाटासाठी आणि कोकणासाठी हा आठवडा वाईट. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले ते ३ जून २०२० ला. जमत असेल तर एप्रिलचा शेवट किंवा मेचा पहिला पंधरवडा धरा. वळीव तेव्हाही असतो, पण तो बहुतेक दुपारनंतर गडगडत येतो आणि निदान आल्याची वर्दी देतो.

जागेच्या मालकाशी बोलताना अनामत रकमेचे आधीच लिहून घ्या: हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर तारीख पुढे जाईल, पैसे बुडणार नाहीत. हे लिहिलेले नसेल तर शेवटच्या दिवशी कमिटी आभाळाकडे न बघता पावतीकडे बघते.

२. जागेची पाहणी: फोटोवरून नाही, पायी

पाहणीला किमान तिघे जा आणि गावातला एखादा वयस्क माणूस सोबत घ्या. पोलीस पाटील भेटले तर उत्तम. त्यांना ‘इथे पूर येतो का?’ असे विचारू नका. ‘नाही हो, काही नाही’ हेच उत्तर मिळेल, कारण जागा भाड्याने जावी असे गावालाही वाटते. विचारायचे ते असे: ‘आजवरचे सगळ्यात जास्त पाणी कुठवर आले होते, मला तिथे नेऊन दाखवा.’

मग स्वतः बघा. ओढ्याकाठच्या झुडपांत, कुंपणाच्या तारांत, झाडांच्या बुंध्यांवर अडकलेला पालापाचोळा, प्लॅस्टिक, चिंध्या किती उंचीवर आहेत? पाणी तिथपर्यंत येऊन गेलेले आहे. मुलांच्या झोपण्याच्या खोल्या त्या उंचीच्या खाली असतील तर जागा बदला. निदान खोल्या तरी बदला.

मोठ्या नदीकाठी पाटबंधारे खात्याने पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हटले की पुढची नव्याण्णव वर्षे निश्चिंत, असा अर्थ लोक लावतात. तो चूक आहे. तो पूर लागोपाठ दोन वर्षेही येऊ शकतो. लहान ओढ्यांवर या रेषा बहुधा नसतात, आणि शिबिराला धोका मोठ्या नदीइतकाच, कित्येकदा जास्त, अशा ओढ्यांचाच असतो. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस त्यात काही मिनिटांत उतरतो.

धरणाजवळची जागा असेल तर आधी एक गोष्ट नक्की करा: आपण जलाशयाच्या काठावर आहोत की धरणाच्या खाली? पवनेसारख्या जलाशयाच्या काठी तंबू टाकले तर मुख्य धोका वारा, वीज आणि खोल पाणी. धरणाच्या खालच्या अंगाला असाल तर धोका विसर्गाचा. तुमच्याकडे ऊन पडलेले असतानाही दरवाजे उघडून नदी फुगू शकते. बातमीत ‘दहा हजार क्युसेक’ म्हणतात ते सेकंदाला जवळपास २ लाख ८३ हजार लिटर पाणी असते. विसर्गाची सूचना गावात कोणाकडे येते, भोंगा वाजतो का, वाजला तर तुमच्या जागेवर ऐकू येतो का, ते विचारून घ्या.

मागे डोंगर असेल तर उताराकडेही बघा. वाकलेली झाडे, जमिनीतल्या भेगा, रस्त्यासाठी किंवा इमारतीसाठी नुकताच उभा कापलेला उतार दिसला की त्या भिंतीलगतच्या खोल्या झोपायला वापरू नका.

*तपासा:* येण्याजाण्याच्या वाटेवर फरशी पूल किंवा साकव आहे का? तो पाण्याखाली गेला तर शिबिर बेट होते. ते चालेल, पण अन्न, औषध आणि पिण्याचे पाणी दोन दिवसांचे आत असले पाहिजे.

३. उंच जागा आणि तिथवरची वाट

‘वर जाऊ’ ही योजना होत नाही. वर म्हणजे नेमके कुठे? शाळा, समाजमंदिर, गावातले चर्च, पक्क्या छताचे एखादे घर. सगळे आत मावतील, किल्ली कोणाकडे असते ते ठाऊक असेल, आणि तिथे जाताना एकही ओढा ओलांडावा लागणार नाही अशी जागा हवी. ही तिसरी अट सगळ्यात जास्त विसरली जाते. कित्येक ठिकाणी गावातली शाळा उंचावर असते खरी, पण मध्ये नाला असतो.

वाट स्वतः चालून बघा, मिनिटे मोजा, मग तीच वाट रात्री बॅटरी घेऊन चाला. वळणांवर झाडांना किंवा दगडांना चमकणारी पट्टी चिकटवा. लंगडणारा मुलगा, दम्याची मुलगी, सोबत आलेल्या आजी यांच्या चालीने वेळ धरा, फुटबॉल खेळणाऱ्या पोरांच्या नाही.

४. माणसे आणि अधिकार

हवामान बघायला एकच माणूस नेमा, आणि तो पाळक, मुख्य वक्ता किंवा गाण्याचा प्रमुख नसावा. या तिघांचे लक्ष कार्यक्रमात असते, ते असायलाच हवे. हवामान बघणाऱ्याला आणखी एक हक्क द्या: कार्यक्रम कुठेही असला तरी तो थांबवण्याचा.

आपल्याकडे खरी अडचण इथे येते. वचन (उपदेश) चालू असताना पाळकसाहेबांना थांबवायचे कोणी? पुढे गुडघ्यांवर येऊन प्रार्थना चालू असताना शिट्टी मारायची कोणी? विशीतला पोरगा ते करणार नाही, तो ‘आमेन’ची वाट बघत उभा राहील. म्हणून पाळकांनी पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर स्वतः सांगायचे: ‘याने हात वर केला की मी बोलणे थांबवणार आहे.’ हे एकदा पाळकांच्या तोंडून गेले की प्रश्न मिटतो. आणि ‘प्रार्थना करू, पाऊस थांबेल’ असे कोणी म्हणालेच तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. प्रार्थना चालता चालताही होते. सगळे वर पोचल्यावर हवी तेवढी करा.

बाकी रचना सोपी आहे. आठ ते दहा मुलांमागे एक गटप्रमुख, आणि रात्री तो त्याच मुलांसोबत त्याच खोलीत झोपतो. मुलींच्या खोल्यांत ताई, मुलांच्या खोल्यांत दादा. सगळे कार्यकर्ते एका खोलीत गप्पा मारत आणि मुले दुसऱ्या इमारतीत एकटी, ही मांडणी बंद करा.

प्रत्येक गटप्रमुखाकडे कागदावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, आपल्या गटाची यादी हवी: नाव, वय, पालकांचा फोन, आजार आणि औषधे, पोहता येते की नाही. मोबाइलमधली यादी भिजलेल्या मोबाइलसोबत जाते.

५. सामान

यादी लांब करत नाही. गटाला दोन बॅटऱ्या आणि सुटे सेल, प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी, लांब जाड दोर, प्रथमोपचार पेटी, भरलेल्या पॉवर बँका, एक साधा रेडिओ.

शिबिरात मुलांचे मोबाइल जमा करून घेण्याची पद्धत चांगली आहे, पण तेव्हा इशारे मिळण्याचा मार्ग फक्त कार्यकर्त्यांचे फोन उरतात. निदान दोघांकडे वेगवेगळ्या कंपन्यांची सिम हवीत, आणि ते फोन रात्री चार्जिंगला, आवाज चालू ठेवून, कोणाच्या तरी उशाशी. जागेवर रेंजच नसेल तर जवळची रेंज कुठे येते ती जागा पाहणीतच हेरून ठेवा आणि गावातल्या एका माणसाचे नाव ठरवा, जो इशारा आला की निरोप घेऊन येईल.

क्रमांक भिंतीवर लावा: ११२ पोलीस आणि तातडीची मदत, १०८ रुग्णवाहिका, १०७७ जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष. सोबत तलाठी आणि पोलीस पाटील यांचेही.

*सावधान:* मांडवातला ध्वनिवर्धक, कीबोर्ड, गिटारचा अ‍ॅम्प आणि जनरेटर यांच्या वायरी ओल्या जमिनीवरून जातात. पाऊस सुरू होताच मुख्य स्विच बंद करायचा, तोही कोरड्या जागी उभे राहून. वायरी गुंडाळायचे काम नंतर. गळती होताच वीज तोडणारा स्विच, ज्याला वायरमन आरसीसीबी म्हणतात, तो जागेवर नसेल तर बसवून घ्या.

६. पहिल्या संध्याकाळची कवायत

सगळे पोचले, चहा झाला, की ओळखीच्या खेळांआधी ही कवायत. धोक्याची खूण जेवणाच्या किंवा उपासनेच्या घंटेपेक्षा वेगळी ठेवा: तीन लांब शिट्ट्या, थांबा, पुन्हा तीन. खूण झाली की चपला, बॅटरी, बस्स. पिशवी नाही, मोबाइल नाही, बायबलसुद्धा नाही. गटाने रांगेत उंच जागेपर्यंत चालत जायचे, तिथे हजेरी, परत.

एकदा उजेडात झाली की त्याच रात्री झोपण्याआधी दिवे घालवून पुन्हा. दुसऱ्या वेळी मुले हसतील, कुरकुरतील. चालेल. काय चुकते ते त्या दुसऱ्या वेळीच कळते: कोणाची चप्पल सापडत नाही, कुठल्या दाराला बाहेरून कडी आहे, कुठल्या बॅटरीत सेल नाहीत.

*तपासा:* हजेरी डोकी मोजून नाही, नाव घेऊन. डोकी मोजताना शेजारच्या गटातला एक जण आत धरला जातो आणि आकडा बरोबर येतो.

७. रोजचे हवामान आणि वीज

सकाळी उठल्यावर, दुपारी जेवणाआधी, चारला आणि रात्री झोपण्याआधी, असे चार वेळा बघायचे. हवामान खात्याचे ‘मौसम’ अ‍ॅप पुढच्या दिवसांसाठी. त्याच खात्याचा पुढच्या तीन तासांचा ताजा इशारा जवळच्या काळासाठी. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे ‘दामिनी’ २० ते ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजांसाठी. ‘सचेत’ सरकारी इशाऱ्यांसाठी. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा.

हटकून होणारी चूक अशी: शिबिर मुळशीच्या खोऱ्यात आणि बघितला जातो पुणे शहराचा अंदाज. हवामान खाते घाट भागाचा अंदाज वेगळा देते, तोच बघा. शहरात रिमझिम असताना घाटात २०० मिलिमीटर पडू शकतो.

विजेचा नियम लहान आहे. लखलखाट आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. खेळ, चढाई, शेकोटी, पाणी, सगळे थांबवून आत. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटे बाहेर यायचे नाही. आत म्हणजे पक्क्या इमारतीत, खिडक्या, नळ आणि वायरींपासून दूर. नाहीतर काचा लावलेल्या बसमध्ये. कापडी मांडव, तंबू, चारही बाजूंनी उघडी पत्र्याची शेड आणि आंब्याचे झाड यांतली एकही जागा आसरा नाही. वळवाच्या वाऱ्यात मांडवाचे पत्रे उडतात ते वेगळेच.

कोणावर वीज पडलीच तर त्याला हात लावायला घाबरू नका, अंगात वीज उरत नाही. १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा. हे येणारे किमान दोघे शिबिरात हवेत.

८. ओढ्यात उतरणे आणि पाण्याचा बाप्तिस्मा

मोकळ्या वेळात मुले पाण्याकडे पळतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी बघता बघता वाढले आणि मध्ये उभे असलेल्यांना काठ गाठता आला नाही. म्हणून वरच्या अंगाला ढग असतील तर कोणीही पाण्यात उतरायचे नाही, खाली कितीही ऊन असो.

पाणी गढूळ होणे, काटक्या-पाने वाहत येणे, आवाज जड होणे, किंवा पाणी एकाएकी कमी होणे, यातले एक जरी दिसले तरी काठ सोडून वर. शेवटची खूण लोकांना उलटी वाटते, पण पाणी आटले म्हणजे वर कुठेतरी अडले असण्याची शक्यता असते.

शिबिरात नदीवर बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्यांसाठी (चर्चसाठी) खास. जागा आदल्या दिवशी एका पोहणाऱ्याने काठीने तळ चाचपून ठरवायची: कमरेइतके संथ पाणी, तळाला रेती, खालच्या अंगाला डोह नाही. एका वेळी पाण्यात फक्त पाळक, एक मदतनीस आणि एक उमेदवार. बाकीचे काठावर, रांगेत. दोर आणि पोहणारा खालच्या अंगाला उभा. लांब पांढरे झगे पाण्यात जड होऊन पायांत अडकतात. घालायचेच तर खाली वजन बांधून नकोत आणि घोट्याच्या वर असावेत. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर बाप्तिस्मा पुढच्या रविवारी मंडळीत. उमेदवाराचे नातेवाईक लांबून आले आहेत हे पाण्यात उतरायचे कारण नाही.

९. रात्रीचा पहारा

४ जुलै २०२५ च्या पहाटे अमेरिकेत टेक्सासमधल्या ग्वादालूपे नदीला पूर आला. कॅम्प मिस्टिक या मुलींच्या ख्रिस्ती शिबिरात मुली आणि मार्गदर्शिका मिळून २७ जणींचा मृत्यू झाला. सर्वांत लहान मुली झोपत त्या खोल्या नदीलगतच्या सखल भागात होत्या. अचानक पुराचा सरकारी इशारा रात्री १ वाजून १४ मिनिटांनी निघाला होता. त्याच नदीवर मो-रँच नावाचे प्रेस्बिटेरियन शिबिरस्थळ आहे. तिथल्या एका कर्मचाऱ्याने रात्री एकच्या सुमारास पाणी चढताना पाहिले, वरिष्ठांना उठवले आणि काठालगत झोपलेल्यांना उंचावर हलवले. तिथे सगळे वाचले. यंत्रे, अ‍ॅप, इशारे सगळे हवेच, पण माझ्या मते या यादीतली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे नदीकडे बघणारा एक जागा माणूस.

पिवळा किंवा त्यावरचा इशारा असेल, किंवा संध्याकाळी पाऊस झाला असेल, तर दोघादोघांचा पहारा, दोन-दोन तासांचा. रात्री दोन ते चारची पाळी दिवसभर राबलेल्या आचाऱ्याला किंवा सगळ्यात लहान कार्यकर्त्याला देऊ नका.

पहाऱ्याला दोन साधने द्या. एक: सरळ उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर आणि सोबत फूटपट्टी. जितके मिलिमीटर पाणी साठेल तितका पाऊस. दोन: ओढ्याच्या काठावर दिवसाच ठोकलेला खांब, त्यावर खाली पिवळी आणि वर लाल पट्टी, जो इमारतीतून बॅटरीच्या उजेडात दिसेल. रात्री खांब बघायला पाण्याजवळ जायचे नाही.

आकडे मी असे ठेवतो: तासाला १५ मिलिमीटर किंवा पिवळी पट्टी बुडाली, तर शिबिरप्रमुख आणि सगळे गटप्रमुख उठतात. तासाला ३० मिलिमीटर किंवा लाल पट्टीला पाणी लागले, तर सगळे हलतात, चर्चा नाही. हवामान खाते २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेलेल्या पावसाला मुसळधार म्हणते. त्याच्या जवळपास निम्मा एका तासात म्हणजे काय ते लक्षात घ्या. दरी अरुंद आणि उभी असेल तर आकडे आणखी खाली आणा. आणि डबा व खांब यांत मतभेद झाला तर खांबाचे ऐका. पाऊस वर पडत असेल तर डबा कोरडाच राहील.

१०. हलायचे: पायी, वर, लवकर

क्रम असा. शिट्ट्या. पाण्याच्या सगळ्यात जवळची खोली आधी रिकामी, मग बाकीच्या. गटप्रमुख पुढे, दुसरा मोठा माणूस शेवटी. खोली रिकामी झाली की दारावर टॉवेल बांधायचा, म्हणजे कोणी पुन्हा शोधत बसत नाही. वर पोचल्यावर हजेरी, मग ११२ आणि १०७७ ला फोन. फोन आधी आणि हलणे नंतर असे करू नका.

बस बोलावण्याचा मोह होतो, कारण बसमध्ये मुले ‘सुरक्षित’ दिसतात. १७ जुलै १९८७ ला त्याच ग्वादालूपे नदीवर, कम्फर्ट गावाजवळ, एका चर्चचा तरुणांचा गट पूर येतोय म्हणून शिबिर सोडून निघाला. त्यांची बस पाण्यात अडकली, उतरून चालताना लोंढ्याने गाठले आणि दहा मुले गेली. वाहते पाणी १५ सेंटिमीटर असले तरी मोठा माणूस पडू शकतो, ३० सेंटिमीटरवर लहान गाडी तरंगू लागते, ६० सेंटिमीटरला बहुतेक गाड्या वाहून जातात. फरशी पुलावरून पाणी जात असेल तर बस पलीकडे नेणे बंद. ड्रायव्हर ‘मी रोज नेतो’ म्हणाला तरी.

वर जायला वेळच उरला नसेल तर पक्क्या इमारतीचा वरचा मजला, नंतर गच्ची. कुलूपबंद माळ्यावर नाही.

११. वर पोचल्यानंतर

उजेड होईपर्यंत कोणीही सामानासाठी खाली जात नाही. पहिला लोंढा ओसरला तरी दुसरा येऊ शकतो. ओल्या मुलांना कोरडे करून उबेत ठेवा, दर अर्ध्या तासाने हजेरी घ्या. पालकांना एकाच माणसाकडून एकच निरोप जाऊ द्या: सगळे कुठे आहेत, किती आहेत, पुढचा निरोप किती वाजता. अर्धवट व्हिडिओ कोणी पाठवू नये, नाहीतर घाबरलेले वीस पालक गाड्या काढून त्याच फरशी पुलाकडे निघतात.

सकाळी खाली आल्यावर विहिरीचे आणि टाकीचे पाणी उकळल्याशिवाय प्यायचे नाही, पुराचे पाणी लागलेला शिधा टाकून द्यायचा, अंथरुणे आणि चपला झटकून घ्यायच्या, कारण साप-विंचवांनीही कोरडी जागाच शोधलेली असते. वायरमनने तपासेपर्यंत मुख्य स्विच बंद. आणि ओढ्याकाठच्या झुडपांत रात्री पाणी कुठवर आले होते त्याचा फोटो काढून, उंची मोजून शिबिराच्या वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या कमिटीला तो आकडा गावात विचारत बसावा लागणार नाही.